सत्तांतर आणि सनद : आथोस पर्वताच्या मठांची कथा

पुणें जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हें) हे दोन डोंगराळ तालुके आहेत. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांचीं अरुंद खोरीं आणि त्यांवर नजर ठेवून उभे असलेले रोहिडा, राजगड व तोरणा हे किल्ले, एवढें म्हटलें म्हणजे या मुलखाचें चित्र पुरें होतें. मुलूख लहान, पण त्यानें जितके धनी पाहिले तितके फार थोड्या प्रांतांच्या वांट्यास आले असतील. निजामशाही गेली, आदिलशाही आली. तिच्या हातून तो शिवाजी महाराजांच्या स्वराज्यांत आला. १७०४ सालीं राजगड व तोरणा औरंगजेबानें घेतले. पुढें शाहू छत्रपति, पेशवे व पंतसचिव यांचा अंमल झाला. १८१८ नंतर इंग्रजांची सार्वभौम सत्ता त्यावर बसली. आणि ८ मार्च १९४८ रोजीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. अशा प्रत्येक सत्तांतराच्या वेळीं तेथील देशमुख, पाटील, पुजारी, गोसावी या सर्वांपुढें एकच प्रश्न उभा राही : जुन्या धन्यानें दिलेला कागद नवा धनी मानील काय?

या प्रश्नाला भोरच्या मातीनें दोन प्रसिद्ध उत्तरें दिलेलीं आहेत. १६५९ सालीं अफजलखान चालून आला तेव्हां आदिलशहाचें फर्मान रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांजकडे आलें. खानास सामील व्हावें, नाहीं तर वतन जाईल, असा त्याचा आशय. कान्होजी आपल्या मुलांसह राजगडास गेले व वतनावर पाणी सोडून महाराजांच्या बाजूस राहिले. त्याच खोऱ्यांतील उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानास जाऊन मिळाले. दुसरें उत्तर १७०७ सालचें आहे. शंकराजी नारायण सचिव यांनीं ताराबाईंच्या पक्षाशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले व त्यांचा पक्ष प्रबळ झाला. शपथ मोडवेना आणि खऱ्या धन्यावर शस्त्र धरवेना, अशा पेचांत सांपडून शंकराजींनीं आंबवड्यास आपल्या देहाचा अंत केला. शाहू महाराजांनीं त्यांच्या अज्ञान पुत्रास, नारो शंकर यास, सचिवपदाचीं वस्त्रें देऊन कागद पुन्हां चालू केला. निष्ठा व्यक्तीशीं बांधली होती म्हणून पिता गेला. हक्क घराण्याशीं बांधला होता म्हणून पुत्र राहिला.

ज्यांना घराणें नाहीं, पुत्र नाहीं, फौज नाहीं, अशा लोकांनीं मात्र सत्तांतराच्या वेळीं काय करावें? संन्याशांचा समुदाय आपला हक्क कोणाच्या बळावर टिकवील? आपल्याकडे याचें जुनें उत्तर सभासदानें आपल्या बखरींत नोंदलें आहे. मुलूख हातीं आल्यावर शिवाजी महाराजांनीं देवस्थानांची दिवाबत्ती व नैवेद्य आणि मुसलमानांच्या पीर-मशिदींचीं उत्पन्नें स्थळ पाहून यथास्थित चालविलीं, असें तो सांगतो. देवाचें दान मागील राजानें दिलें म्हणून नव्या राजानें तें तोडूं नये, हा तो दंडक. हा दंडक कायद्याच्या दृष्टीनें कितपत भक्कम असतो, याची सर्वांत दीर्घ परीक्षा ग्रीस देशांतील एका पर्वतावर झाली. एक हजार वर्षांहून अधिक काळ, निदान सहा राजसत्तांखालीं, तेथील संन्याशांनीं आपला हक्क राखला आहे. त्या पर्वताचें नांव आथोस.

ईजियन समुद्रांत घुसलेल्या तीन चिंचोळ्या भूशिरांपैकीं पूर्वेकडील भूशिरावर आथोसचें शिखर दोन हजार मीटरांहून थोडें अधिक उंच उभें आहे. भूशिराचें क्षेत्रफळ सुमारें ३३५ चौरस किलोमीटर. यावर पौर्वात्य सनातनी म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे २० मठ आहेत. त्यांतील १७ ग्रीक, एक रशियन, एक सर्बियन व एक बल्गेरियन. मधोमध कारिएस नांवाचें गांव. तेथें प्रत्येक मठाचा एक प्रतिनिधि राहतो व या वीस प्रतिनिधींची सभा पर्वताचा कारभार पाहते. रोजच्या अंमलबजावणीसाठीं चार जणांचें मंडळ असतें. सभेची मोहोर चार तुकड्यांची आहे. प्रत्येक तुकडी एकेकाच्या ताब्यांत असते. चौघे एकत्र आल्याखेरीज कागदावर शिक्का उठत नाहीं. आपल्याकडील हिस्सेदारांच्या तिजोरीला दोन कुलुपें असत, त्याचाच हा प्रकार. या लहानशा युक्तींत पर्वताच्या दीर्घायुष्याचें एक रहस्य सांठविलेलें आहे.

या पर्वतावर प्रथम एकांतवासी तपस्वी गुहांतून व झोपड्यांतून राहत. इ. स. ८८३ मध्यें कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट पहिला बेसिल यानें हुकूमनामा काढून सरकारी अंमलदारांनीं व मेंढपाळांनीं या तपस्व्यांना उपद्रव देऊं नये असें ठरविलें. हा त्यांचा पहिला कागद. ९६३ सालीं अथानासिअस नांवाच्या संन्याशानें सम्राट निसेफोरस फोकस याच्या साह्यानें महालाव्रा हा पहिला मोठा मठ बांधला. तटबंदी, शेती, द्राक्षमळे, पाण्याचे पाट असा पसारा पाहून जुने तपस्वी बिथरले. पर्वतावर संसार आला, अशी तक्रार त्यांनीं नव्या सम्राटाकडे, जॉन त्झिमिस्केस याजकडे, नेली. सम्राटानें एका वृद्ध मठाधिपतीस चौकशीस पाठविलें आणि ९७२ सालीं दोन्ही पक्षांस मान्य असा नियमग्रंथ तयार झाला. तो बोकडाच्या कातड्यावर लिहिलेला असल्यानें त्यास ‘ट्रागोस’ म्हणजे बोकड असेंच नांव पडलें. त्याखालीं सम्राटाची सही आहे आणि मठाधिपतींच्याहि सह्या आहेत.

येथें क्षणभर थांबावयास हवें. राजानें दिलेली सनद ही राजाची कृपा असते; तो ती परत घेऊं शकतो. ट्रागोस हा मात्र कृपेपेक्षां कराराच्या जवळ जाणारा कागद आहे. समुदायानें स्वतःचे नियम स्वतः मान्य केले व राजानें त्यांवर साक्ष घातली. पुढें १०४५ च्या सुमारास सम्राट नववा कॉन्स्टंटाईन यानें दुसरा नियमग्रंथ दिला व ‘पवित्र पर्वत’ हें नांव सरकारी कागदांत रूढ झालें. म्हणजे पहिलें मोठें सत्तांतर येण्यापूर्वींच पर्वताजवळ तीन गोष्टी होत्या : स्वतःचा कायदा, स्वतःची सभा आणि स्वतःचें दप्तर.

तें सत्तांतर १२०४ सालीं आलें. पश्चिम युरोपांतील क्रूसयोद्ध्यांनीं कॉन्स्टँटिनोपल लुटलें व आथोस रोमन कॅथॉलिक सरदारांच्या अमलाखालीं गेला. सरदार मठांस लुबाडूं लागले. तेव्हां या सनातनी संन्याशांनीं रोमचे पोप तिसरे इनोसंट यांजकडे दाद मागितली व पोपनें त्यांस आपल्या आश्रयाखालीं घेतलें! ज्याचा पंथ मान्य नाहीं त्याचा शिक्का मात्र मान्य, ही व्यवहारनीति पर्वतानें येथें प्रथम वापरली. १३४५ सालीं सर्बियाचा राजा स्टीफन दुशान यानें हा प्रदेश जिंकला. पुन्हां तेंच : जुने हक्क नव्या राजानें सुवर्णमुद्रेनें कायम केले, देणग्या वाढविल्या, आणि १३४७ मध्यें स्वतः पर्वतास भेट दिली.

खरी कसोटी तुर्कांची. १४२३-२४ च्या सुमारास, सॅलोनिका शहर अद्याप तुर्कांच्या हातीं पडलें नव्हतें तेव्हांच, मठांच्या प्रतिनिधींनीं सुलतान दुसरा मुराद याजकडे जाऊन अधीनता पत्करली व त्याबदलीं जुने हक्क कायम करून घेतले. सॅलोनिका १४३० सालीं पडलें व लुटलें गेलें. आथोसच्या एकाहि मठास तसा प्रसंग आला नाहीं. यास भेकडपणा म्हणावें कीं शहाणपण? शंकराजी सचिवांची कसोटी लावली तर उत्तर कठोर येईल. परंतु सचिवांनीं शपथ घेतली होती ती एका गादीची. संन्याशांनीं घेतलेली शपथ कोणत्याहि गादीची नव्हती. राजा कोण हा त्यांच्या व्रताचा विषयच नव्हता. व्रत पाळण्यापुरती जागा राहणें हा होता. म्हणूनच त्यांनीं फर्मान मागण्यांत कमीपणा मानिला नाहीं.

तथापि फर्मानाचें मोल फर्मान देणाऱ्याच्या मर्जीइतकेंच असतें, हा धडा १५६८-६९ सालीं मिळाला. सुलतान दुसरा सेलीम याच्या कारकीर्दींत रुमेलीच्या मठांच्या जमिनी सरकारजमा करण्यांत आल्या. धर्मशास्त्राप्रमाणें शेतजमीन राज्याची, तेव्हां ती देवाला दान देण्याचा अधिकार पूर्वीच्यांस नव्हताच, अशी ही कायद्याची बाजू. आथोसच्या मठांनीं कर्ज काढून १४,००० सुवर्णनाणीं भरलीं व आपली मालमत्ता सोडवून घेतली. मग ही मालमत्ता पुढें कोणत्या नांवानें धारण करावयाची? शेखुल-इस्लाम एबुस्सूद एफेंदी या प्रख्यात शास्त्रज्ञानें तोड काढली. मठांतील संन्यासी व येणारे-जाणारे वाटसरू यांच्यासाठीं ठेवलेला वक्फ असें स्वरूप त्या मालमत्तेस मिळालें. ख्रिस्ती मठ इस्लामी न्यायशास्त्राच्या वस्त्रांत गुंडाळून ठेवला, तो असा. संन्याशांस औरस वारस नसतो. वक्फाच्या कल्पनेंत एकामागून एक येणारे मठवासीच वारसांच्या जागीं बसले. या व्यवस्थेखालीं पर्वतानें तुर्कांची सुमारें साडेतीन शतकें काढलीं. कारिएसला एक तुर्की अंमलदार राही. त्यासहि तेथें स्त्रियांना आणतां येत नसे. सुलतानाचा माणूस पर्वताचा नियम पाळी, यांतच सनदेचा विजय होता.

अर्थात् या व्यवस्थेची एक मर्यादा होती. सनद टिकते ती तिचा धारक राजकारणाबाहेर राहील तोंवर. १८२१ सालीं ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालें व पर्वत बंडांत सामील झाला. बंड फसलें आणि १८३० पर्यंत तुर्की सैन्य मठांच्या उरावर बसलें. १८६३ मध्यें रुमानियाच्या सरकारनें आपल्या मुलखांतील मठांच्या जमिनी जप्त केल्या, त्यांत आथोसचें मोठें उत्पन्न गेलें. पर्वतावरील हक्क हजार वर्षांचे खरे. पर्वताबाहेरील जमिनीस तें कवच नव्हतें.

एकोणिसाव्या शतकांत एक निराळाच पेंच उभा राहिला. रशियन साम्राज्याच्या पैशानें व पाठिंब्यानें रशियन संन्याशांची संख्या भराभर वाढली. शतकाच्या अखेरीस ती ग्रीकांच्या बरोबरीस आली. १८७८ च्या बर्लिन तहाच्या ६२ व्या कलमांत पर्वतावरील संन्याशांस, ते कोणत्याहि देशाचे असोत, पूर्वीचीं स्थानें व समान हक्क राहतील असें वचन घातलें गेलें. आजवर जो विषय एका राजाचा व एका समुदायाचा होता, तो आतां राष्ट्राराष्ट्रांमधील तहाचा झाला.

नोव्हेंबर १९१२ मध्यें पहिल्या बाल्कन युद्धांत ग्रीक आरमार किनाऱ्यास लागलें व तुर्की अंमल संपला. पण धनी कोण हें ठरलें नव्हतें. मे १९१३ च्या लंडन तहानें आथोसचें भवितव्य बड्या राष्ट्रांवर सोंपविलें. पर्वत तटस्थ ठेवून अनेक सनातनी राष्ट्रांच्या संयुक्त देखरेखीखालीं द्यावा असें रशियाचें म्हणणें. याच वेळीं रशियन मठांत ईश्वराच्या नामासंबंधीं एक कडवा तात्त्विक वाद पेटला होता : नाम हाच ईश्वर कीं नाम केवळ खूण? नामस्मरणाच्या परंपरेंत वाढलेल्या मराठी मनाला हा वाद अनोळखी वाटणार नाहीं. परंतु तो वाद चर्चेनें मिटला नाहीं. १९१३ च्या उन्हाळ्यांत रशियन लढाऊ जहाजें आलीं, शिपाई उतरले आणि नामवादी पक्षाच्या आठशेंहून अधिक संन्याशांस बळजबरीनें जहाजांवर चढवून रशियास नेण्यांत आलें. हजार वर्षांच्या सनदेनें त्यांस वांचविलें नाहीं. घरांतील भांडण मिटविण्याचें साधन घरांत नसलें कीं सरकार आंत शिरतें. आणि बाहेरील राजापासून समुदायाचें रक्षण करणारा कागद समुदायांतील अल्पमताचें रक्षण करीलच असें नाहीं, हें त्या दिवशीं उघड झालें.

ऑक्टोबर १९१३ मध्यें पर्वताच्या सभेनें ग्रीसशीं एकरूप होण्याचा ठराव केला. मग महायुद्ध आलें, रशियन साम्राज्य कोसळलें व आंतरराष्ट्रीय देखरेखीची कल्पनाहि त्याबरोबर गेली. १९२० च्या सेव्हर येथील करारांत ग्रीसनें बिगर-ग्रीक मठांचे बर्लिन तहांतील हक्क पाळण्याची हमी दिली व १९२३ च्या लोझान तहाबरोबर ती हमी अमलांत आली. १९२४ मध्यें मठांनीं स्वतःच आपली घटना लिहिली. १९२६ सालीं ग्रीक सरकारनें तिला कायद्याचें रूप दिलें. ट्रागोसचीच रीत पुन्हां वापरली गेली : नियम समुदायाचे, साक्ष राज्याची.

१९७५ च्या ग्रीक राज्यघटनेच्या १०५ व्या कलमांत ही व्यवस्था आज नमूद आहे. आथोस हा ग्रीक राज्याचा स्वयंशासित भाग होय. त्यावरील ग्रीसचें सार्वभौमत्व अबाधित आहे. धार्मिक बाबतींत तो कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षाच्या प्रत्यक्ष अधिकाराखालीं आहे. वीस मठांची संख्या व त्यांचा मानक्रम बदलतां येत नाहीं. त्यांची भूमि सरकारास घेतां येत नाहीं. सरकारचा एक राज्यपाल तेथें असतो, त्याचें काम देखरेखीचें, कारभार सभेचा. जो कोणी तेथें दीक्षार्थी म्हणून प्रवेश करील तो, कोणत्याहि देशाचा असला तरी, आपोआप ग्रीक नागरिक होतो. हें शेवटचें कलम वरवर उदार दिसतें. पण त्यामुळें रशियन, सर्बियन, बल्गेरियन संन्याशांच्या मागें उभें राहण्याची त्यांच्या मायदेशांची वाट अरुंद झाली. ग्रीस युरोपीय आर्थिक समूहांत १९८१ सालीं दाखल झाला, त्यासंबंधींच्या १९७९ च्या करारपत्रासहि आथोसचा विशेष दर्जा मान्य करणारी जाहीर नोंद जोडलेली आहे. बेसिल, मुराद, बर्लिन व लोझान यांच्या मागोमाग आणखी एका सत्तेचा शिक्का पर्वतानें मिळविला.

प्रत्येक शिक्का अभिमानानें मिरविण्याजोगा असतोच असें नाहीं. १९४१ च्या एप्रिलांत जर्मन सैन्यानें ग्रीस व्यापला तेव्हां सभेनें खुद्द हिटलरला पत्र लिहून संरक्षण मागितलें. मुरादकडे जाणारी पाऊलवाट तीच होती. परंतु या वेळीं ती कोणाच्या दारीं गेली, हें इतिहास विसरत नाहीं. आजच्या काळाचेहि आक्षेप आहेत. स्त्रियांस पर्वतावर पूर्ण मनाई आहे. १९५३ च्या कायद्यानें ती मोडणें शिक्षेस पात्र ठरविलें, आणि २००३ सालीं युरोपीय संसदेनें ती उठविण्याची मागणी केली. एस्फिग्मेनू नांवाच्या मठांतील संन्यासी धर्माध्यक्षांचें नांव प्रार्थनेंत घेण्याचें नाकारूं लागले. २००२ सालीं त्यांस पंथभेदी ठरविण्यांत आलें, व घटनेप्रमाणें पंथभेद्यास पर्वतावर राहतां येत नाहीं. सनदेचा जो शब्द समुदायाचें रक्षण करतो तोच शब्द दुसऱ्या कोणास दारांतून बाहेर काढतो.

आतां पुन्हां आपल्या मुलखाकडे वळल्यास साम्य व भेद दोन्ही स्पष्ट दिसतात. पंतसचिवांच्या संस्थानानेंहि कागदावर कागद मिळवीत वाट काढली. शाहू महाराजांचीं वस्त्रें. १८२० चा इंग्रजांशीं झालेला करार. सातारचें राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांशीं जडलेला प्रत्यक्ष संबंध. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशीं गडांचीं नांवें धारण करणारे त्याचे तालुके अशा सांखळीवर उभे होते. तरी १९४८ मध्यें ती सांखळी एका सहीनें संपली. कारण उघड आहे. संस्थान हें स्वतःच राज्यसत्तेचा एक अंश होतें. सार्वभौमत्व प्रजेकडे गेलें तेव्हां त्या अंशास निराळें अस्तित्व उरलें नाहीं. मठाची गोष्ट तशी नव्हे. त्यानें राज्य मागितलेलें नसतें, म्हणून राज्य गेल्यानें त्याचें कांहीं जात नाहीं.

आपल्या न्यायशास्त्रानेंहि हा भेद ओळखला आहे. १९२१ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें निर्णय दिला कीं, मठाधिपति हा इंग्रजी अर्थाचा विश्वस्त नव्हे. त्याचें स्थान हिंदु परंपरेनेंच ठरलें पाहिजे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यानें देवळें, मठ व वक्फ यांस एकाच व्याख्येंत आणून धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखालीं ठेवलें. १९५४ सालीं उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें रेघ आंखली : धर्माचरण कसें असावें हें पंथानें ठरवावें, मालमत्तेचा कारभार कायद्याप्रमाणें व्हावा. आथोसच्या घटनेंत जें एका पर्वतापुरतें लिहिलें, तें भारतांत राज्यघटनेच्या २६ व्या कलमानें सर्व पंथांसाठीं लिहिलें. आथोसला अपवाद म्हणून हक्क मिळाला. येथें तो नियम म्हणून मिळाला. अपवाद टिकविण्यासाठीं प्रत्येक नव्या धन्याच्या दारीं जावें लागतें, नियम टिकविण्यासाठीं न्यायालयाच्या दारीं.

हजार वर्षांच्या या कथेवरून सत्तांतरांत हक्क कोणाचा टिकतो, याचें उत्तर देतां येतें. ज्याचे नियम राजानें देण्यापूर्वीं स्वतःच लिहिलेले असतात. ज्याची मोहोर एकाच्या हातीं नसून चौघांच्या हातीं असते. आणि जो राजाकडे राज्य मागत नाहीं, केवळ आपली जागा मागतो, त्याचा हक्क टिकतो. मात्र त्या जागेंत वेगळें बोलणाऱ्या आपल्याच माणसास स्थान आहे कीं नाहीं, हें कोणतीहि सनद ठरवीत नाहीं. तें ज्यांच्या हातांत ती सनद असते त्यांनाच ठरवावें लागतें.